शेजारचं मूल

लहान मुलाच्या बापाच्या मनात भविष्याचा विचार येतो तो बहुतेक वेळा हिशेब होऊन येतो. मुलगी रांगायला लागते न लागते तोच सुकन्या समृद्धीचं खातं उघडलं जातं. पंधरा वर्षं भरायचं, एकविसाव्या वर्षी हाती येणार. मुलगा असेल तर विमा, एसआयपी, गावाकडचा एखादा तुकडा. मग शाळा कोणती, मराठी की इंग्रजी, राज्य मंडळ की सीबीएसई, दहावीनंतर लातूरला ठेवायचं की कोट्याला, आणि आता त्यात नवी धास्ती की हे मूल मोठं होईपर्यंत यंत्रं कुठली कामं माणसांसाठी शिल्लक ठेवतील. या हिशेबात वावगं काही नाही. पोटाला चिमटा घेऊन लेकरासाठी चार पैसे गाठीला बांधणाऱ्या माणसाला कोणी नावं ठेवू नयेत. पण कोणत्याही घरातला हा हिशेब उघडून पाहिला तर त्यात एकच मूल असतं, आपलं. बाकीची मुलं असलीच तर ती प्रतिस्पर्धी म्हणून किंवा वाईट संगत म्हणून असतात. मला वाटतं, आजच्या बापाची काळजी खरीच आहे, पण ती अरुंद आहे. आपल्या मुलाच्या उद्याचा फार मोठा भाग शेजारच्या मुलाच्या उद्याशी बांधलेला असतो, आणि तो भाग वगळून केलेला विचार आपल्या मुलाच्याही पुरेसा कामाचा नसतो. हे मी केवळ परोपकाराच्या पोटी म्हणत नाही. बापांनी आजवर जे भोगलं आणि जे मिळवलं, त्यातून हाच निष्कर्ष निघतो.

सगळ्यांत जुनी काळजी घ्या. शंभर वर्षांपूर्वी बाप मुलाच्या नोकरीची चिंता करत नव्हता, मूल जगेल का याची करत होता. त्या काळी हिंदुस्थानात जन्मलेल्या दर पाच मुलांपैकी साधारण एक मूल पहिला वाढदिवस पाहत नसे. या मरणाला हुशारीने, कर्तबगारीने किंवा मायेने अडवता येत असतं तर बाबासाहेब आंबेडकरांच्या घरात ते शिरलं नसतं. कोलंबिया आणि लंडन इथून पदव्या घेऊन आलेल्या, बॅरिस्टर झालेल्या या बापाने गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न अशी चार मुलं गमावली. राजरत्न गेला तो १९२६ मध्ये. पाच अपत्यांपैकी एकटे यशवंत वाचले. गरिबी त्यात होतीच, पण त्या काळात श्रीमंतांची मुलंही घटसर्प, देवी, जुलाब यांनी जात. महाराष्ट्रात हजार जन्मांमागे वर्षाच्या आत दगावणाऱ्या मुलांचं प्रमाण २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार १६ होतं. तेही कमी व्हायला हवं. पण दर पाचांतलं एक आणि हजारातली सोळा यांच्यामध्ये जे अंतर आहे, ते कुणा एका बापाने आपल्या मुलासाठी केलेल्या तरतुदीने कापलेलं नाही. नळाचं पाणी, लसी, क्षारसंजीवनीची पुडी, गावोगावच्या परिचारिका आणि पुढे आशाताई यांनी ते कापलं, आणि यातली प्रत्येक गोष्ट सगळ्यांच्या मुलांसाठी होती म्हणूनच ती आपल्या मुलापर्यंत पोहोचली.

पोलिओचं उदाहरण तर यापेक्षाही स्पष्ट आहे. हा विषाणू आतड्यात वाढतो आणि विष्ठेतून, दूषित पाण्यातून पसरतो. म्हणजे ज्याच्या घरी स्वच्छ संडास आहे त्याच्या मुलालाही पलीकडच्या वस्तीतल्या उघड्या गटाराचा धोका असतो. आपल्या मुलाला डोस पाजला की बापाचं काम संपलं, असं इथे म्हणता येत नव्हतं. तोंडावाटे दिलेली लस प्रत्येक मुलाच्या बाबतीत हमखास लागू पडतेच असं नाही, आणि विषाणू फिरता राहिला तर कुठलंच मूल पुरतं सुरक्षित नाही. म्हणून १९९५ पासून देशभर पल्स पोलिओचे रविवार आले. बूथ लागले, करंगळीला शाई लागली, दारांवर खडूने खुणा झाल्या, रेल्वेच्या डब्यात आणि वीटभट्ट्यांवर जाऊन मुलं शोधली गेली. ज्यांनी दार लावून घेतलं त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा जाऊन समजूत घातली गेली, कारण त्यांचं मूल हा त्यांचा खाजगी प्रश्न राहिला नव्हता. २००९ मध्ये देशात ७४१ मुलांना पोलिओ झाला होता, २०१० मध्ये ४२ मुलांना, आणि २०११ मध्ये फक्त एका मुलीला, पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यात. त्यानंतर रानटी विषाणूचा एकही रुग्ण नाही. मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. आज तीन वर्षांचं जे मूल अंगणात धावतं, ते धावू शकतं याचं श्रेय त्याच्या बापाइतकंच त्या वीटभट्टीवर गेलेल्या बाईला आहे. शिसं घातलेलं पेट्रोल २००० साली देशात बंद झालं, त्याने किती मुलांच्या मेंदूची हानी टळली असेल, याचाही हिशेब कुठल्याच घराच्या वहीत नाही.

यावर कोणी म्हणेल की रोगराईचं ठीक आहे, ती सार्वजनिक बाब आहेच. पण मुलाचं कर्तृत्व, शिक्षण, त्याने आयुष्यात काय व्हावं, हे तरी आईबापांच्या हातात असतं. याही बाबतीत आपल्याकडचे दाखले दुसरंच सांगतात. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ यांच्यासारखा शिक्षणाचा ध्यास घेतलेला बाप दुर्मीळ. भीमरावांना पुस्तकं घेता यावीत म्हणून ते लग्न झालेल्या मुलींकडून दागिने मागून आणत आणि गहाण टाकत. तरी १९०७ साली मुलगा मॅट्रिक झाला तेव्हा रामजींची ताकद संपत आलेली होती. त्यानिमित्त झालेल्या सत्कारसभेत कृष्णराव अर्जुन केळूसकर या विल्सन हायस्कूलच्या शिक्षकांनी मुलाच्या हाती स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र ठेवलं आणि पुढे बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांकडे त्याच्यासाठी शब्द टाकला. महाराजांनी महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. फेब्रुवारी १९१३ मध्ये रामजी गेले, आणि त्याच वर्षीच्या जुलैत त्यांचा मुलगा बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला पोहोचला. बापाने पाया घातला, यात शंका नाही. वरचा इमला मात्र ज्यांचं त्या मुलाशी रक्ताचं, जातीचं कसलंच नातं नव्हतं त्यांनी चढवला. त्याच्याही आधी, गोविंदराव फुल्यांनी कुणाच्या तरी सांगण्यावरून जोतीला शाळेतून काढून मळ्यात लावलं होतं. गफार बेग मुन्शी आणि लिजिटसाहेब या शेजाऱ्यांनी गोविंदरावांची समजूत घातली नसती, तर १८४१ मध्ये तो मुलगा स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेला नसता आणि १८४८ मधली मुलींची शाळा कुणी, केव्हा काढली असती, सांगता येत नाही. गोविंदराव वाईट बाप नव्हते. आईविना पोराला त्यांनी वाढवलं, त्याच्या भल्याचं जे दिसलं ते केलं. पण बापाला जे दिसतं ते त्याच्या अंगणापुरतं असतं. त्यापलीकडचं दुसऱ्या कुणाला तरी दिसावं लागतं, आणि त्या दुसऱ्याने आपण बरं आपलं काम बरं असं न म्हणता बोलावं लागतं.

बापाला आपल्या अंगणापलीकडचं दिसत नाही याचा सगळ्यांत कठोर अनुभव मुंबईच्या गिरणगावाने घेतला. लालबाग-परळच्या चाळींतला १९७० च्या सुमाराचा बाप मुलाच्या भविष्याबद्दल बेफिकीर होता असं कुणी म्हणू नये. त्याच्या दृष्टीने भविष्य ठरलेलं होतं. मुलाला बदलीत लावायचं. रोज सकाळी गेटवर उभं राहून एखाद्या कायम कामगाराच्या खाड्यावर काम मिळवायचं. काही वर्षांनी कायम, मग पीएफ, ग्रॅच्युइटी, आणि निवृत्तीला आला की आपल्या जागी पुन्हा आपला मुलगा. आज आपण पदवीकडे जसे पाहतो तसं तो गिरणीच्या जागेकडे पाहत होता, आणि दोन पिढ्यांच्या अनुभवाने त्याचं म्हणणं खरं ठरवलं होतं. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि त्यातले असंख्य पुन्हा कधीच आत गेले नाहीत. संपाचे नेते चुकले की मालकांना गिरण्यांपेक्षा जमिनी प्याऱ्या झाल्या, की सरकारने हात झटकले, यावर वाद चालू राहील. बापाच्या दृष्टीने त्यातलं सत्य एवढं, की कोणत्या घराने किती काटकसर केली होती आणि कोणता मुलगा किती मेहनती होता, याने फारसा फरक पडला नाही. सगळ्यांच्या मुलांचं भविष्य एकदमच बदललं. ज्या काही घरांतली मुलं तरली, ती महापालिकेच्या शाळा, रात्रशाळा, कामगार मंडळाची वाचनालयं यांच्या आधारावर तरली. सामायिक संकटात सामायिक आधारच कामी येतो. यंत्रबुद्धीच्या रूपाने असंच काही उद्या पांढरपेशा घरांवर आलं, तर एकेका घराची बचत त्याला किती पुरी पडेल?

आता सर्वांत जोरदार आक्षेप. तो असा, की शेजारचं मूल आपल्या मुलाशी स्पर्धा करणार आहे. जागा मोजक्या आहेत. त्याचं भलं म्हणजे आपल्या मुलाचा एक क्रमांक मागे. हे खोटं आहे असं मी म्हणणार नाही. २०२४ च्या नीटला २३ लाखांहून अधिक मुलं बसली आणि एमबीबीएसच्या जागा होत्या लाखाच्या थोड्या वर. अशा गणितात बाप घाबरला नाही तरच नवल. म्हणून नांदेड, बीड, परभणीकडची मुलं लातूरला खोल्या घेऊन राहतात आणि बाप ऊसबिलाचे पैसे शिकवणीला भरतो. पण सगळ्यांनीच शिकवणी लावल्यावर कुणाचा क्रमांक पुढे सरकतो? जागा तेवढ्याच राहतात, फक्त प्रत्येकाचा खर्च वाढतो आणि प्रत्येक मुलाची दोन वर्षं करपतात. जागा वाढवणं, जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी महाविद्यालयं उघडणं, एका परीक्षेच्या तीन तासांवर सगळं न टांगणं, या गोष्टी एकट्या बापाला करता येत नाहीत, आणि त्याला ज्या करता येतात त्यांनी गणित बदलत नाही. त्याच २०२४ च्या परीक्षेचा पेपर फुटला. हजारीबाग आणि पाटण्यात तो फुटल्याचं सर्वोच्च न्यायालयानेही नोंदवलं. परीक्षा रद्द झाली नाही, पण कित्येक आठवडे लाखो प्रामाणिक मुलं आणि त्यांचे आईबाप आपलं काय होणार या विचाराने झोपले नसतील. स्वतःच्या मुलाचं भलं व्हावं म्हणून काही बापांनी फुटलेला पेपर विकत घेतला होता. माझं मूल पुढे गेलं पाहिजे, बाकीच्यांचं ज्याचं त्याने पाहावं, हा विचार शेवटपर्यंत ताणला की तो तिथे जाऊन पोहोचतो, आणि मग स्पर्धाच नासते. ज्या स्पर्धेत आपलं मूल जिंकावं असं वाटतं, ती स्पर्धा टिकून राहण्यासाठीही इतरांच्या मुलांबद्दल किमान न्यायबुद्धी लागते.

शाळेची गोष्ट याच अंगाने पाहायला हवी. अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये एका छोट्या पुस्तकात संस्था कशा ढासळतात याचा विचार मांडला. संस्था बिघडू लागली की माणसापुढे दोन मार्ग असतात, सोडून जाणं किंवा आत राहून आवाज उठवणं. सार्वजनिक शाळेच्या बाबतीत त्याचं निरीक्षण असं, की दर्जाची सर्वांत जास्त चाड असलेले पालकच सर्वांत आधी सोडून जातात, आणि जो आवाज शाळेला सुधारू शकला असता तोच नाहीसा होतो. आपल्या जिल्हा परिषदेच्या आणि महापालिकेच्या शाळांचं दुसरं काय झालं? गावातला ग्रामसेवक, डॉक्टर, दुकानदार, एवढंच काय पण पुष्कळ ठिकाणी खुद्द गुरुजी, यांची मुलं पिवळ्या बसमध्ये बसून तालुक्याला जाऊ लागली. ज्याच्या शब्दाला गटशिक्षणाधिकारी उठून उभा राहिला असता, त्याला आता त्या शाळेशी देणंघेणं नाही. मागे राहिली ती ऊसतोडीला जाणाऱ्यांची, मजुरी करणाऱ्यांची मुलं. असर पाहणीनुसार २०२४ मध्ये देशाच्या ग्रामीण भागातल्या तिसरीतल्या दर चार मुलांपैकी साधारण एकालाच दुसरीचं पुस्तक वाचता येत होतं. यावर पालक विचारतो, आणि त्याने विचारावंच, की मग मी माझ्या पोराला गळक्या वर्गात बसवून समाजसुधारणा करू का? नाही. मुलाला चांगली शाळा द्यावी, हा बापाचा हक्क आहे. पण शाळा सोडणं आणि शाळेचा विचारच सोडणं या दोन गोष्टी आहेत. राजर्षी शाहूंची मुलं काही गावच्या प्राथमिक शाळेत बसणार नव्हती. तरी १९१७ मध्ये त्यांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला.

मग बापाने बेतलेली आयुष्यं यशस्वी होतच नाहीत का? होतात. हंगेरीतल्या लास्लो पोल्गारने लग्नाआधीच ठरवलं होतं की मुलं घडवता येतात, आणि आपल्या तिन्ही मुलींना घरी शिकवून त्याने बुद्धिबळात वाढवलं. धाकटी युदित १९९१ च्या डिसेंबरात पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाली. बापाच्या आखणीचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही, म्हणूनच ते टाळून पुढे जाणं बरं नव्हे. पण त्याच घरातली थोरली सुसान १९८६ मध्ये पुरुषांच्या जागतिक अजिंक्यपदाच्या पात्रता फेरीसाठी पात्र ठरली, तेव्हा मुलगी म्हणून तिला खेळू दिलं गेलं नाही. इथे बापाची सगळी आखणी थांबली. मुलीला शिकवून हा प्रश्न सुटत नव्हता, नियम बदलावा लागत होता. तो पुढे बदलला, आणि बदलला तो साऱ्या जगातल्या मुलींसाठी. शिवाय बुद्धिबळाच्या पटावर चौसष्ट घरं असतात आणि ती उद्याही तेवढीच असतील. मुलाचं आयुष्य ज्या पटावर होणार आहे, त्याची घरं मात्र दर दहा वर्षांनी बदलतात. एकेकाळी डी. एड. झालं की नोकरी पक्की समजत. महाराष्ट्रात त्या महाविद्यालयांचं पेव फुटलं, मग शिक्षकभरती थंडावली आणि पदविका घेतलेली हजारो मुलं मिळेल त्या कामाला लागली.

मुलीच्या बापाला तर हे अधिक खोलवर कळायला हवं. मुलीसाठी बाप काय काय करतो! शिकवतो, कराटेला घालतो, मोबाइलवर ती कुठे पोहोचली ते पाहत राहतो. तरी ती रात्री दहाला एसटीतून उतरून घरी निर्धास्त येईल की नाही, कचेरीत तिचं म्हणणं ऐकलं जाईल की नाही, सासरी तिच्या पगारावर तिचा हक्क राहील की नाही, हे दुसऱ्या बापांनी आपापल्या मुलांना कसं वाढवलं यावर ठरतं. मुलीचं भविष्य अर्धं-अधिक इतरांच्या मुलग्यांच्या हातात असतं, आणि ते मुलगे आज कुठेतरी तीन-चार वर्षांचेच आहेत. म्हणजे मुलग्याचा बाप जेव्हा त्याला ताट उचलून ठेवायला शिकवतो, बहिणीवर हात उगारला तर थांबवतो, तेव्हा तो स्वतःच्या मुलाचं वळण लावता लावता कुणा अनोळखी मुलीचं आयुष्य सुसह्य करत असतो.

याउलट प्रत्येक घराने फक्त आपल्यापुरता विचार केला की काय होतं, तेही महाराष्ट्राने पाहिलं. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ मध्ये आपल्याच राज्याने केला. तरी शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुली २००१ मध्ये ९१३ होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ झाल्या. बीड जिल्ह्यात ८०७. सोनोग्राफीच्या दारात उभ्या असलेल्या प्रत्येक बापाने आपण घराच्या भविष्याचाच विचार करतो आहोत अशी स्वतःची समजूत घातली होती. हुंडा वाचेल, शेत सांभाळायला वारस मिळेल, म्हातारपणी आधार होईल. त्या एकेकट्या हिशेबांची बेरीज आज गावागावांत दिसते. तिशी उलटलेले, शेती सांभाळणारे, निर्व्यसनी मुलगे लग्नाविना बसले आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात अशा तरुणांनी मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चा नेला. शेतीची दुरवस्था हेही त्याचं कारण आहे, नाही असं नाही. पण ज्या मुली जन्मल्याच नाहीत त्यांची जागा कशानेही भरून निघणार नाही. ज्या मुलग्यांसाठी हे केलं त्यांच्याच वाट्याला हे एकाकीपण आलं, आणि त्याहून मोठा अपराध ज्या मुली येऊच दिल्या नाहीत त्यांच्याबाबत झाला. मुलाच्या भविष्याचा अरुंद विचार किती घातक ठरू शकतो याचा यापेक्षा भयंकर दाखला मला आपल्या इतिहासात सापडत नाही.

अजून दोन आक्षेप उरतात. एक असा, की दुसऱ्याच्या मुलाचा विचार हे पोट भरलेल्यांचं काम आहे. ज्याला महिनाअखेर गाठता येत नाही त्याला हे सांगणं क्रूरपणा आहे. असं म्हणणाऱ्यांना मी गंगाराम सुर्वे यांची आठवण करून देईन. ते मुंबईच्या गिरणीत कामाला होते, त्यांच्या पत्नी काशीबाईही गिरणीत राबत. १९२६ च्या सुमारास रस्त्यावर टाकून दिलेलं एक तान्हं मूल त्यांना सापडलं. त्यांनी ते घरी आणलं, आपलं आडनाव दिलं, पालिकेच्या शाळेत घातलं. ते मूल म्हणजे नारायण सुर्वे, १९९५ च्या परभणी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. प्रत्येकाने मूल दत्तक घ्यावं असा याचा अर्थ नाही, आणि प्रत्येक सापडलेलं मूल कवी होत नाही. पण परक्याच्या लेकराला जवळ करण्यासाठी आधी श्रीमंत व्हावं लागतं, हे म्हणणं गिरणगावाने खोटं पाडलेलं आहे. दुसरा आक्षेप वेळेचा. समाज बदलेपर्यंत माझं मूल म्हातारं होईल, मला तर उद्याचं पाहायचं आहे. पल्स पोलिओच्या पहिल्या देशव्यापी मोहिमेपासून शेवटच्या रुग्णापर्यंत साधारण पंधरा वर्षं गेली. एका मुलाचं बालपण तेवढंच असतं. सुकन्येच्या खात्यावर एकवीस वर्षं विश्वास ठेवणाऱ्या माणसाला पंधरा वर्षं फार वाटू नयेत.

जगातली सगळी मुलं बापाला सारखी प्रिय व्हावीत अशी अपेक्षा कुणी करू नये. तसं होत नाही आणि होण्याची गरजही नाही; आपल्या मुलाला ताप आला की आपला जीव जसा उडतो तसा दुसऱ्याच्या मुलासाठी उडणार नाही. प्रेम आपल्यापुरतं राहू दे, पण विचार आणि हातपाय उंबऱ्याबाहेर न्यायला हवेत. त्यासाठी फार मोठं काही लागत नाही, आणि कायद्याने जागाही करून ठेवली आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात सरकारी आणि अनुदानित शाळांसाठी शाळा व्यवस्थापन समिती सांगितली आहे. तिचे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, निम्म्या स्त्रिया. शाळेचा विकास आराखडा करणं आणि अनुदान कुठे खर्च होतं यावर लक्ष ठेवणं ही तिची कामं. कित्येक ठिकाणी ही समिती सह्यांपुरती उरली आहे, कारण बाप तिथे जात नाहीत. ज्यांची मुलं खाजगी शाळेत आहेत त्यांच्याही वर्गात २५ टक्के राखीव जागांवर आलेलं एखादं मूल असेल; सहलीचे पैसे नाहीत म्हणून ते मागे राहतं का, गणवेशावरून त्याला कुणी हिणवतं का, हे पालकसभेत विचारायला कुठलं पद लागत नाही. अंगणवाडीचं पाणी, वॉर्डातलं मैदान, कचरा जाळणारा भूखंड, आरोग्य केंद्रातली लशीची शीतपेटी, याबद्दल ग्रामसभेत किंवा नगरसेवकाच्या दारात उभं राहून बोलता येतं. मुलाच्या नावाने पैसे जरूर साठवा. पण या महिन्यात शाळेच्या समितीची बैठक कधी आहे ते विचारून घ्या, आणि त्या दिवशी आईला एकटीला न पाठवता बापानेही जावं.